गाडीच्या तोंडावर चिकटलेले किडे: रंग सांभाळून केलेल्या सफाईच्या नोंदी

६ सप्टेंबर, शनिवार, रात्री

दादाची गाडी साडेनऊला दारात लागली. काळी सेडान, संध्याकाळपासून हायवेवर धावत होती. टॉर्च मारून पाहिलं तर बंपर, नंबरप्लेट, ग्रिलच्या पट्ट्या, बॉनेटची पुढची कड, दोन्ही आरशांची पाठ आणि काचेच्या बाजूचे खांब किड्यांनी भरलेले. दारांवर आणि छपरावर जवळजवळ काहीच नाही. हलकी चिलटं बॉनेटवरून उसळणाऱ्या हवेबरोबर वर निघून जातात, जड भुंगे आणि पतंग मात्र सरळ येऊन आपटतात.

डाग दोन तऱ्हेचे आहेत. आजचे ओले, पिवळट-हिरवे, अजून चमकणारे. आणि मागच्या प्रवासातले, ज्यांनी मधल्या काळात भरपूर ऊन खाल्लंय. ते तपकिरी होऊन व्हार्निशसारखे बसलेत. खरं काम या जुन्या डागांचं आहे.

दादा फडकं ओलं करून पुढे आलाच होता. "पाच मिनिटांत पुसून टाकतो," म्हणाला.

"दादा, फडकं नको लावूस. बॉनेट अजून तापलेलं आहे. आणि त्या डागांत कवचाचे, पायांचे, पंखांचे तुकडे आहेत. घासलंस तर तेच तुकडे रंगावर फिरतील."

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. किड्याचं बाहेरचं कवच कायटिनचं असतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि गाडीसाठी चालतील अशा कुठल्याही सौम्य रसायनातही विरघळत नाही. विरघळतो किंवा सैल होतो तो त्याला धरून ठेवणारा चिकट भाग, म्हणजे प्रथिनं आणि चरबी. त्यामुळे किडा 'काढायचा' म्हणजे खालचा डिंक मऊ करून कवच मोकळं करायचं. डिंक मऊ व्हायच्या आत जोर लावला की रंगावर गोलगोल बारीक रेषा उमटतात. काळ्या रंगावर तर त्या पहिल्या उन्हातच दिसतात.

इंजिन थंड होऊन बॉनेटला हाताचा मागचा भाग लावता येईपर्यंत थांबलो. मग स्प्रे बाटलीत पाणी आणि थोडा कार शाम्पू घेऊन सगळा पुढचा भाग भिजवला. थोड्या वेळाने पुन्हा भिजवला, मग पाइपच्या साध्या धारेने धुतला. आजचे बहुतेक डाग एवढ्यावरच वाहून गेले, हातही लावावा लागला नाही. जुने जागेवर आहेत. ओलं फडकं रात्रभर त्यांच्यावर टाकून ठेवायचा विचार मनात आला होता, पण पहाटेपर्यंत ते सुकून तिथेच चिकटणार. त्यापेक्षा सकाळी डोळ्यासमोर भिजवलेलं बरं.

७ सप्टेंबर, रविवार

काम उन्हं यायच्या आत सुरू केलं, गाडी सावलीत. भर उन्हात काळा पत्रा ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो. अशा पत्र्यावर शाम्पू असो की किडे काढायचं द्रावण, काम करायच्या आधीच सुकतं आणि त्याचाच वेगळा डाग पडतो.

आधी धुऊन घेतलं. प्रेशर वॉशर वापरला, पण पंख्यासारखी पसरट धार देणारा नोझल लावून आणि पत्र्यापासून फूटभर तरी लांब धरून. बॉनेटच्या कडेला दगड लागून रंगाचे दोन-तीन टवके आधीच उडालेले आहेत. तिथे जवळून टोकदार धार मारली तर टवक्याच्या कडेखाली पाणी शिरून आजूबाजूचा पापुद्राही उचलला जातो. त्या जागा मी धारेतून वगळल्याच.

मग भिजवणं. जुने, मऊ मायक्रोफायबर टॉवेल कोमट शाम्पूच्या पाण्यात बुडवले आणि बॉनेटच्या कडेवर, बंपरवर, आरशांवर नुसते पसरून ठेवले. पाणी कोमटच हवं. उकळतं पाणी ओतलं तर डाग लवकर सुटेल असं वाटतं, पण प्रथिनं उष्णतेनं आणखी घट्ट होतात, आणि थंड पत्र्याला असा चटका देणंही बरं नाही. दहा मिनिटांनी टॉवेलवर पुन्हा पाणी शिंपडलं, आणखी तेवढाच वेळ ठेवले. काढताना ओढले नाहीत, सरळ वर उचलले. टॉवेलच्या आतल्या बाजूला तपकिरी ठसे आले होते आणि त्यांत पंखांचे पारदर्शक तुकडे. तेवढं रंगावरून न घासता निघालं.

जे उरलं त्यावर किडे काढायचं द्रावण. बाजारात ही द्रावणं साधारण दोन प्रकारांत मिळतात: काही अल्कलीयुक्त, चरबी फोडणारी, काहींत एन्झाइम असतात, जी प्रथिनांचे तुकडे पाडतात. माझ्याकडचं अल्कलीयुक्त आहे. लेबलवरच्या प्रमाणात पातळ केलं, बंपरच्या आतल्या कोपऱ्यात आधी तपासलं, मग लावलं. दोन-तीन मिनिटं ठेवलं आणि सुकायच्या आत धुऊन टाकलं. जास्त तीव्र केलं तर लवकर निघेल हा हिशेब चुकीचा आहे. तीव्र अल्कली वरचा वॅक्स तर खातेच, शिवाय रंग न दिलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरट चट्टे सोडते.

उजव्या आरशाच्या पाठीवर एक मोठा भुंगा होता, तो मुद्दाम जवळून पाहत बसलो. कवचाचा एक तुकडा कडेवर उभा, खाली मधाच्या रंगाचा कडक थर. द्रावण पडल्यावर आधी काहीच झालं नाही. मग थराच्या कडा पांढुरक्या झाल्या, हळूहळू फुगल्या, आणि उभा तुकडा एका बाजूला कलला. ओल्या मायक्रोफायबरच्या घडीवर अंगठ्याचा मऊ भाग ठेवून नुसतं दाबलं, क्षणभर धरलं आणि उचललं. तुकडा फडक्यात आला, अर्धा थरही आला. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा द्रावण, पुन्हा थांबणं. नख लावायचा मोह होतो, पण नखाखाली कवचाची कणी अडकली तर नखच सुईचं काम करतं.

यानंतर नेहमीची धुलाई, दोन बादल्यांची. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. वरून खाली येत गेलो आणि बंपर सगळ्यात शेवटी घेतला, कारण कचरा सगळ्यात जास्त तिथेच.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. आजच्या गाड्यांचे हेडलाइट काचेचे नसतात, पॉलीकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्यावर ऊन रोखणारा पातळ थर असतो. त्यांना शाम्पू आणि भिजवणं एवढंच. थिनर किंवा ॲसिटोन लागलं तर आत बारीक तडे जातात. ग्रिलमागच्या एसीच्या कंडेन्सरच्या पातळ पाती बोटानंही वाकतात, तिथे मऊ धार पातींना समांतर, सरळ मारायची, तिरकी नाही. आणि समोरच्या काचेवर वायपर कोरडे फिरवायचे नाहीत. किड्यांची चरबी पसरून रात्री समोरच्या दिव्यांभोवती धुकट वलयं दिसतात. काच रंगापेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे तिथे भरपूर पाणी घेऊन नवं ब्लेड तिरपं धरून चालवता येतं. तेच ब्लेड बंपरजवळही नेऊ नये.

८ सप्टेंबर, सोमवार

गाडी पूर्ण कोरडी झाल्यावर टॉर्च तिरपी धरून तपासली. बॉनेटवर किड्यांच्या आकाराच्या काही सावल्या राहिल्यात. हा वर बसलेला मळ आहे की रंगात उतरलेला खड्डा, हे आधी ठरवायला हवं. दोन्हींचे उपाय वेगळे.

पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन अलगद टिपलं. काही सावल्या फिक्या झाल्या, म्हणजे तो मळ. काही ओल्या असताना दिसेनाशा झाल्या आणि सुकल्यावर परत उमटल्या. तो खड्डा. पाणी खड्डा भरून काढतं तेवढ्यापुरता तो लपतो.

खड्डा पडतो कसा, तेही लिहितो. आजच्या गाड्यांचा रंग थराथरांचा असतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ४०–५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. ऊन रोखणारी द्रव्यं मुख्यतः याच थरात असतात. उन्हात क्लिअर कोट किंचित मऊ होतो आणि प्रसरण पावतो. त्याच वेळी मेलेला किडा कुजत जातो आणि त्यातलं आम्ल वाढतं. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर मे आणि सप्टेंबरमध्ये झुंडीनं उडणाऱ्या लव्हबग या माश्यांबद्दल हे मोजलेलं आहे: चिरडलेल्या ताज्या माशीचा पीएच साधारण ६.५, म्हणजे जवळजवळ उदासीन; एका दिवसात तो ४.२५ पर्यंत उतरतो, म्हणजे आम्लधर्मी होतो. ऊन, आम्ल आणि वेळ एकत्र आले की डाग वरून निघाला तरी खाली ठसा राहतो. म्हणून पहिल्या रात्रीचं ते साधं पाणीसुद्धा मी महत्त्वाचं मानतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

दादाच्या मित्रानं फोनवर पेट्रोलचा उपाय सांगितला. दुसऱ्यानं भांडी घासायची हिरवी घासणी. दादाला पटवून देण्यापेक्षा दाखवणं सोपं म्हणून भंगारात जाणारं एक काळं फेंडर (चाकावरचा पत्रा) काढलं, अर्ध्या भागाला पॉलिश करून आरशासारखं केलं आणि टेपनं चौकोन पाडले. एकेका चौकोनात एकेक उपाय, ओला करून आणि हलक्या हातानं.

हिरव्या घासणीचा निकाल टॉर्च लावायच्या आधीच लागला. चौकोन सरळ धुरकट. या घासणीच्या धाग्यांवर घासणारे खनिज कणच चिकटवलेले असतात. पांढरा 'मॅजिक' स्पंज हाताला मऊ लागतो, म्हणून तो जास्त फसवा. तो मेलामाइनचा फेस आहे, सुकल्यावर कडक जाळी, आणि काम करतो तो अगदी बारीक पॉलिशपेपरसारखं. त्याच्या चौकोनात चमक एका पायरीनं उतरली. टूथपेस्टही घासणारीच, तिनंही रेषा सोडल्या.

कपडे सुकवायच्या मशीनमध्ये टाकतात ती सुगंधी शीट ओली करून वापरण्याचा सल्ला फार फिरतो. तिच्यातली मऊ करणारी द्रव्यं चिकटपणा सैल करतात हे खरं आहे, आणि फेंडरवर वाळवलेला एक पतंग तिनं काढलाही. पण शीटचे धागे खरखरीत आहेत आणि मागे मेणचट थर राहतो. टॉर्चखाली बारीक रेषा दिसल्या. मायक्रोफायबर हाताशी असताना मला तिची गरज वाटत नाही.

पेट्रोलचा चौकोन तयारच केला नाही. आग पकडणारं द्रव्य आहे, हातांना आणि फुप्फुसांना वाईट, आणि प्रथिनांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ते चरबी विरघळवतं, कवच आणि डिंक तसाच. डब्ल्यूडी-४० या तेलकट स्प्रेची गोष्ट थोडी वेगळी. त्यानं डाग ओला राहतो आणि काही अंशी सुटतो. पण तेलकट थर उरतो, खालचा वॅक्स जातो, म्हणजे नंतर शाम्पूनं पूर्ण धुवावंच लागतं. मग शाम्पूपासूनच सुरुवात का करू नये?

दादा बराच वेळ फेंडर उजेडात फिरवून बघत होता. "हिरवी घासणी घरातून बाहेर आणायची नाही," एवढंच बोलला.

१३ सप्टेंबर, शनिवार

धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवली. पिशवीमुळे खरखर जास्त जाणवते. पुढच्या हातभर पट्ट्यात अजून कण लागत होते, म्हणून क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलून घेणारी मातीसारखी मऊ वडी. भरपूर शाम्पूचं पाणी, क्लेचा छोटा तुकडा चपटा करून, सरळ रेषेत, वजन न देता. तुकडा दर थोड्या वेळानं मळून स्वच्छ बाजू वर घेत होतो. क्ले हे पहिलं हत्यार म्हणून कधीच नाही. कवचाचे तुकडे अडकलेले असताना क्ले फिरवली तर ती त्यांना रंगावर ओढत नेते.

बंपरवर क्ले फिरवली नाही. तिथे भिजवून जे निघालं ते पुरे आहे असं ठरवलं.

१४ सप्टेंबर, रविवार

जाडी मापकानं बॉनेट मोजलं. आकडे ११० ते १२५ मायक्रॉनच्या दरम्यान, म्हणजे कारखान्यातला मूळ रंग, नीट आहे. अडचण बंपरची. हे मापक धातूवर चालतं, प्लॅस्टिकवर आकडाच देत नाही. म्हणजे किडे सगळ्यात जास्त जिथे लागतात, नेमकं तिथलंच माप मिळत नाही. वर प्लॅस्टिक उष्णता पसरू देत नाही, त्यामुळे पॉलिशिंग मशीनखाली ते एका जागी पटकन तापतं. कडा आणि घड्यांवर तर रंग मुळातच पातळ असतो.

बॉनेटवर एका ठशापुरतं आधी करून पाहिलं. मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश, ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं), कमी वेग. दोनदा फिरवल्यावर ठशाची कड गेली, मध्ये फिकी सावली राहिली. पुन्हा मोजलं, फरक मापकाच्या चुकीएवढाच. मग तेवढ्याच जोरावर बाकीचे ठसे घेतले. बहुतेक गेले. दोन खोल ठसे तिरप्या उजेडात अजून दिसतात. जाड कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, घेऊन त्यांचा तळ गाठता आला असता, पण त्यासाठी आजूबाजूचा क्लिअर कोट त्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो. उरलेली ही जाडी पुढची अनेक वर्षं पुरवायची आहे. दोन फिक्या ठशांसाठी ती खर्च करायला मी तयार नाही, आणि दादालाही ते पटलं.

बंपरच्या ओठावर एक ठसा आहे, त्याला हातानं, फोमच्या तुकड्यावर थोडं पॉलिश घेऊन चोळलं. कमी झाला. तिथेच थांबलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सिंथेटिक सीलंटचा, म्हणजे रंगावर वॅक्ससारखं संरक्षण देणाऱ्या द्रव्याचा, पातळ थर दिला. बॉनेट, बंपर, आरसे, खांब. आधी अल्कोहोलनं पुसून पॉलिशची तेलं काढली, नाहीतर सीलंटला धरायला जागा मिळत नाही. रात्रभर गाडी आतच, ओली होऊ दिली नाही.

दादानं विचारलं, "आता किडे चिकटणार नाहीत ना?"

चिकटतील. सीलंट, वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, काहीही लावलं तरी किडा आपटणार आणि कुजणार. फरक दोन गोष्टींत पडतो: पकड कमी राहते आणि आम्ल क्लिअर कोटपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्या मिळालेल्या वेळात धुतलं नाही तर कोटिंगवरही ठसा पडतो. पारदर्शक संरक्षक फिल्म लावली तर ठसा फिल्मवर पडतो आणि रंग वाचतो; रात्री सतत हायवेवर फिरणाऱ्यानं निदान बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या पट्ट्यापुरता तिचा विचार करावा. मॅट रंगाच्या गाडीला मात्र यातलं पॉलिश आणि साधं वॅक्स दोन्ही वर्ज्य, तिथे फक्त भिजवणं आणि धुणं. नुकताच नवा रंग मारलेल्या बंपरला वॅक्स किंवा सीलंट कधी लावायचं, ते रंगवणाऱ्यालाच विचारावं. रंग पूर्ण पक्का व्हायला काही आठवडे लागतात.

२८ सप्टेंबर, रविवार

दादा पुन्हा रात्रीचा प्रवास करून आला. डिकीत मी एक छोटा डबा ठेवून दिला होता: शाम्पूच्या पाण्याची स्प्रे बाटली, साध्या पाण्याची बाटली आणि स्वच्छ मायक्रोफायबरच्या घड्या झिपच्या पिशवीत. घड्या धुताना कंडिशनर नको आणि इतर कपडेही बरोबर नकोत. खाली पडलेली घडी रंगाला लावायची नाही, हे त्याला आधीच सांगितलं होतं.

मुक्कामाला पोचल्यावर त्यानं गाडी थंड होऊ दिली, पुढचा भाग भिजवला, ओली घडी पसरून ठेवली आणि पाण्यानं धुऊन टाकला. घासलं नाही, असं स्वतःहून सांगितलं. आज सकाळी टॉर्चखाली पाहिलं तर बॉनेट स्वच्छ. बंपरच्या जाळीजवळ, जिथे घडी नीट बसत नाही, तिथे चार-पाच डाग सुकलेले होते. टॉवेल लावून भिजवल्यावर तेही निघाले, खाली ठसा नाही. पाणी अजून थेंब धरून घरंगळतंय, म्हणजे सीलंट टिकलाय.

बाकी कामं: वायपरच्या रबरांच्या कडा फाटल्यात, ती दोन्ही बदलायची. बॉनेटच्या कडेवरच्या टवक्यांना टच-अप रंगाचा थेंब, पावसाळी दिवस नसताना. आणि जाळीच्या खोबणीत बसेल असा मऊ केसांचा, धातूची पट्टी नसलेला ब्रश शोधायचा.